तांब्यात सरबत, ग्लासात टकिला

(पॉडकास्टच्या उन्हाळा स्पेशल भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? कारण आजचा भाग स्पीकरवर, घरच्यांच्या समोर ऐकायचा की नाही ते तुम्ही ठरवा. विषय आहे टकिला. उन्हाळ्यात घरी, फळं घालून, नीट मोजून-मापून कॉकटेल कसं करायचं, हा.

सुरुवातीलाच दोन गोष्टी क्लिअर करतो. हा भाग २५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि टकिला, व्हिस्की, रम यांच्यासाठी २५ असा नियम आहे. आणि ज्यांना प्यायची नाहीये त्यांनीही ऐका, कारण आजच्या रेसिपीचा अर्धा भाग बिनदारूचा आहे. तो अर्धा भागच जास्त महत्त्वाचा आहे असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

मी सातपूरचा. बी.टेक. केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आठवड्यातले काही दिवस घरूनच. नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना गंगापूर धरणाच्या बाजूचे द्राक्षमळे, वाइन टेस्टिंग, फोटो हे सगळं आठवतं. सुला वगैरे आमच्यापासून फार लांब नाही. पण सातपूर म्हणजे एमआयडीसी. शिफ्टचे भोंगे, कामगारनगर, श्रमिकनगर, त्र्यंबक रोडचं ट्रॅफिक. आमच्याकडे 'दारू' हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर वाइनचा उंच ग्लास येत नाही. पगाराच्या दिवशी घरी उशिरा आलेला माणूस येतो. ज्यांचं अख्खं घर त्यात गेलं, अशी दोन-चार घरं प्रत्येक गल्लीत सगळ्यांना माहीत असतात. त्यामुळे इथे बसून 'चला, कॉकटेल बनवूया' असं रीलमधल्यासारखं हसत म्हणणं मला जमत नाही. करायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून करू.

तर आधी बाटलीत काय आहे ते बघू.

टकिला कशापासून बनते? अगावे नावाच्या झाडापासून. आता अगावे म्हटलं की परदेशी वाटतं, पण तुम्ही ते झाड शंभर टक्के पाहिलंय. शेताच्या बांधावर, रेल्वे लाइनच्या कडेला, माळरानावर जाड, टोकदार, काटेरी पानांचं ते झुडूप असतं ना, घायपात, ते याच कुळातलं. काही भागात केकताड म्हणतात. त्याच्या पानातून वाख काढून दोर वळायचे. हे झाड मूळचं मेक्सिकोकडचंच, आपल्याकडे नंतर आलं आणि दख्खनच्या कोरड्या जमिनीत मस्त रुळलं. अनेक वर्षं वाढतं, मग मधूनच एक उंच दांडा काढतं, एकदाच फुलतं आणि मरतं.

मेक्सिकोत टकिलासाठी निळसर पानांची एक ठरावीक जात लावतात. साधारण सहा-सात वर्षं वाढू देतात, मग पानं छाटून मधला गड्डा काढतात. तो अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला तिकडे अननसाच्याच नावाने 'पिन्या' म्हणतात. तो भाजायचा किंवा वाफवायचा, म्हणजे आतली साखर मोकळी होते. मग चिरडून रस काढायचा, आंबवायचा आणि दोनदा गाळायचा, म्हणजे डिस्टिल करायचा. झाली टकिला.

मग आपल्या घायपातापासून होते का? होते. डेस्मंड नाझरेथ म्हणून एक गृहस्थ आहेत, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. त्यांनी दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून दारू बनवायचा प्रयोग केला आणि २०११ मध्ये ती गोव्यात बाजारात आणली. नंतर गोव्यातूनच अजून एक ब्रँड आला, पिस्तोला नावाचा. पण या बाटल्यांवर 'टकिला' लिहिता येत नाही. 'अगावे स्पिरिट' किंवा 'अगावेपुरा' असं काहीतरी लिहावं लागतं. कारण टकिला हे नाव मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याला आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांनाच वापरता येतं. नाशिककरांना हे समजायला सोपं आहे. येवल्यात विणलेल्या पैठणीचं नाव दुसऱ्या कुणी कुठल्याही मशीनच्या साडीला लावलं तर आपल्याला राग येतो ना? तोच मामला.

(आणि हो, हे ऐकून बांधावरचा घायपात तोडायला जाऊ नका. त्याच्या पानांचा रस अंगाला लागला तर भयंकर खाज सुटते. शिवाय घरी दारू गाळणं हा सरळ सरळ गुन्हा आहे.)

दुकानात लेबल वाचताना दोन गोष्टी बघा. एक, '१०० टक्के अगावे' लिहिलंय का. तसं लिहिलेलं नसेल तर ती मिश्र टकिला असते. तिच्यात किमान ५१ टक्के साखर अगावेची असते, बाकीची दुसरीकडची, म्हणजे उसाची वगैरे. दोन, रंग. पांढरी म्हणजे ब्लांको किंवा सिल्व्हर. रेपोसादो म्हणजे किमान दोन महिने लाकडी पिंपात ठेवलेली, आन्येहो म्हणजे किमान एक वर्ष. फळांच्या कॉकटेलला पांढरी घ्या. पिंपात मुरलेली महाग असते आणि तिची चव कैरी-कलिंगडात हरवून जाते, मग पैसे कशाला घालवायचे? आणि नुसतं 'गोल्ड' लिहिलेलं बघून मुरलेली समजू नका. पुष्कळदा तो रंग कॅरॅमलचा असतो.

आता परमिट. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजूनही लागू आहे. त्यानुसार दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ऑनलाइन मिळतो, वर्षाचा १०० रुपयांत, कायमचा १,००० रुपयांत. काढून ठेवा. आणि गोव्याहून येताना बॅगेत 'स्वस्त मिळाली' म्हणून बाटल्या आणू नका. तिकडे विक्रीसाठी असलेली दारू परवानगीशिवाय इकडे आणली की नाक्यावर तुमची ट्रिप संपली.

चला, स्वयंपाकघरात येऊ.

टकिलाचं जगातलं सगळ्यात फेमस कॉकटेल म्हणजे मार्गारिटा. त्याचं गणित बघा. टकिला, लिंबाचा रस, संत्र्याच्या सालीची गोड दारू आणि ग्लासच्या कडेला मीठ. म्हणजे दारू सोडली तर उरलं काय? आंबट, गोड, खारट. आता मला सांगा, आंबट-गोड-खारट आणि वर थोडा जिऱ्याचा किंवा वेलचीचा वास, हे आपल्याकडे चैत्रात कुठल्या भांड्यात असतं?

पन्हं!

मार्गारिटाचं अख्खं डिझाइन आपल्या आया-आज्या दर उन्हाळ्यात बिनदारूचं करत आल्यात. मेक्सिकोतही फळांवर तिखट-मीठ भुरभुरवून खातात, जशी आपण शाळेबाहेर कैरी खायचो. कलिंगडाचं सरबत तिकडे रस्त्यावर मिळतं. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत तर तिकडे घरोघरी होतं. त्यामुळे टकिला आणि कैरी हे जोडपं जुळवायला फार कष्ट पडत नाहीत, पत्रिका आधीच जुळलेली आहे.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक रेसिप्या सांगतात की सगळं एकत्र करा, बर्फ घाला, मोठ्या भांड्यात पार्टीसाठी तयार ठेवा. मी याच्या बरोबर उलटं सांगणार आहे. तांब्यात फक्त सरबत. टकिला ग्लासात, प्रत्येकाच्या, वेगळी मोजून. तांब्यात दारूचा एक थेंबही जाणार नाही. आमच्या फील्डमध्ये कोड वेगळा आणि सेटिंग्जची फाइल वेगळी ठेवतात, म्हणजे एक बदलायला दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. तसंच समजा.

रेसिपी चार ग्लासांची आहे. लिहून घ्या, किंवा स्क्रीनशॉट काढा.

कैरीचा गर: दोन मध्यम कैऱ्या कुकरमध्ये तीन शिट्ट्या करून उकडायच्या. गार झाल्या की साल काढून गर कुस्करायचा. एक वाटी गराला पाऊण वाटी साखर, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. मिक्सरमधून फिरवून गाळून घ्यायचा. रोजच्या पन्ह्यापेक्षा साखर कमी आहे, मुद्दाम. गूळ घातला तरी चालेल, रंग काळपट येईल, चव भारी लागेल. हा गर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतो.

कलिंगडाचा रस: पाऊण किलो लाल फोडी, बिया काढून, मिक्सरमध्ये एकदाच गरकन फिरवा आणि गाळा. जास्त फिरवलं तर नुसता फेस होतो.

तांब्यात: कलिंगडाचा रस ४०० मिली, कैरीचा गर १६० मिली, लिंबाचा रस ४० मिली. एकूण ६००. तांब्या स्टीलचा घ्या, नाहीतर काचेचं भांडं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवत नाहीत, हे घरात कुणीही सांगेल. फ्रीजमध्ये दोन तास ठेवा.

ग्लासच्या कडेला: लिंबाची फोड फिरवून ती कड मीठ, लाल तिखट आणि जिरेपूड यांच्या मिश्रणात टेकवा. अर्ध्याच कडेला लावा, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल.

एका ग्लासाला: तांब्यातलं १५० मिली, टकिला ३० मिली, भरपूर बर्फ. घट्ट झाकणाच्या बाटलीत किंवा स्टीलच्या उभ्या डब्यात घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा, चहाच्या गाळणीने ताज्या बर्फावर ओता, वरून थोडा सोडा. सोडा शेवटीच. डब्यात सोडा घालून हलवलात तर छतापर्यंत जाईल.

मोजायला खास पेगमाप नसेल तर खोकल्याच्या औषधावरचं मापाच्या रेघांचं झाकण घ्या. १० मिलीचं असतं. स्वच्छ धुऊन तीन झाकणं, झाला ३० मिली. 'अंदाजाने' ओतू नका. बाटलीतून थेट ओतताना अंदाज नेहमी वरच्या बाजूला चुकतो, खालच्या बाजूला चुकलेला मी अजून पाहिला नाही.

संत्र्याची दारू मी का वगळली? कारण तिचं काम गोडवा द्यायचं, ते कैरीच्या गराने केलंय. आणि ती स्वतःच दारू आहे. बारटेंडर लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं मार्गारिटाचं माप आहे टकिला ५० मिली आणि संत्र्याची दारू २० मिली. दोन्ही ४० टक्क्यांच्या धरल्या तर एका छोट्याशा ग्लासात २२ ग्रॅम अल्कोहोल जातं. आपल्या ३० मिलीवाल्या ग्लासात साडेनऊ ग्रॅम. म्हणजे तिकडचा एक ग्लास आपल्या दोन ग्लासांपेक्षा जास्त.

हे ग्रॅम कशाला मोजतोय? कारण फळं दारू लपवतात. नीट व्हिस्की पिताना घशाला कळतं की आपण काय करतोय. कैरी-कलिंगडात ते कळतच नाही. थंड असतं, गोड असतं, ४० डिग्रीतून आल्यावर माणूस सरबतासारखं गटागटा पितो. तुमच्या जिभेला जे कळत नाही ते लिव्हरला मात्र मोजावं लागतं, आणि लिव्हरचा स्पीड ठरलेला आहे. साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम. थंड पाण्याने अंघोळ, कॉफी, लिंबू चाटणं, कशानेही तो वाढत नाही. म्हणजे आपले दोन ग्लास शरीरातून जायला दोन ते तीन तास. आणि दारूने लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी कमी होतं, त्यात उन्हाळा. म्हणून प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, आणि पोटात आधी काहीतरी. भेळ, उकडलेले शेंगदाणे, पनीर, चिकन, काहीही चालेल.

अजून एक सांगतो आणि हे गोडगोड करून सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. त्यामुळे 'दोन ग्लास हेल्दी' वगैरे मी म्हणणार नाही. प्यायचीच असेल तर किती पितोय ते माहीत असू द्या, एवढंच.

आता तांब्याकडे परत येतो, कारण दारू वेगळी ठेवण्याचा खरा फायदा चवीत नाहीये.

माझा एक मित्र आहे. नाव नको. शाळेपासूनचा, आमच्याच एरियातला. तो पीत नाही. त्याच्या वडिलांची दारू सगळ्या गल्लीने पाहिलीये. प्रत्येक पार्टीत त्याच्या हातात कोमट कोल्ड्रिंकचा प्लास्टिकचा ग्लास असतो आणि तासाभराने कुणीतरी म्हणतंच, 'अरे घे ना एक, काय होतंय?' तो हसतो. मग दुसरा म्हणतो, 'बघ भाऊ, टेस्ट तरी कर.' तो परत हसतो. मागच्या एप्रिलमध्ये माझ्याकडे सगळे जमले तेव्हा मी हा तांब्या मधे ठेवला. सगळ्यांचे ग्लास सारखे, सगळ्यांच्या कडेला तिखट-मीठ, सगळ्यांमध्ये तोच लाल रंग. टकिलाची बाटली आणि माप बाजूला, ज्याला हवी त्याने घालून घ्यायची. त्या रात्री त्याला कुणी काही विचारलंच नाही, कारण कुणाच्या ग्लासात काय आहे हे दिसतच नव्हतं. जाताना जिन्यात चपला घालता घालता तो म्हणाला, 'आज मला एकदाही नाही म्हणावं लागलं नाही रे.'

बस, एवढंच म्हणाला. आम्ही इतकी वर्षं दोस्त आहोत, पण 'नाही' म्हणण्याचं पण ओझं होतं हे मला तेव्हा कळलं.

दुसरा फायदा, गाडीचा. कुणी अंबडहून आलेला असतो, कुणी नाशिकरोडहून. कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. त्यावर गेलात तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण या मर्यादेचं गणित घरी बसून करायचंच नाही, कारण ते प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे, जेवणाप्रमाणे बदलतं. सरळ नियम ठेवा. ज्याच्याकडे चावी, त्याच्या ग्लासात फक्त तांब्यातलं. आणि त्याला तेच मस्त सरबत मिळतंय म्हटल्यावर त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही.

तिसरा फायदा, घरचे. लहान भाचा फ्रीज उघडतो, लाल सरबत दिसतं, तो पिणारच. तांब्यात दारू नसेल तर टेन्शनच नाही. आमच्याकडे आईने तो तांब्या चाखून सांगितलं की मीठ थोडं कमी पडलंय. बरोबर होतं तिचं. वडिलांनी बाटलीकडे बघितलं, मापाच्या झाकणाकडे बघितलं आणि म्हणाले, 'मोजून पितोयस हे बरं आहे. आमच्या कंपनीतले मोजत नव्हते.' पुढे ते काही बोलले नाहीत. त्यांनी एक ग्लास घेतला, बिनटकिलाचा, आणि बातम्या लावल्या.

फळं बदलायची असतील तर पटकन सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये, आपली द्राक्षं संपायच्या आधी, काळी द्राक्षं चिरडून गाळून घ्या, कलिंगडाच्या जागी. ती गोड असतात, म्हणून लिंबू थोडं वाढवा. मे महिन्यात आंबा. पण आमरस घट्ट असतो, म्हणून निम्मा रस निम्मं थंड पाणी, आणि लिंबू जवळजवळ दुप्पट, नाहीतर श्रीखंड प्यायल्यासारखं होतं. जूनमध्ये जांभूळ आलं की बघायलाच नको, रंगावरच लोक खलास होतात. सूत्र तेच. आधी बिनदारूचं सरबत चाखा. ते नुसतंच प्यायला मस्त लागलं पाहिजे. ते फसलं असेल तर टकिलाने सुधारणार नाही.

तर मंडळी, या शनिवारी नाशकात असाल तर कैऱ्या सध्या सगळीकडे दिसतायत. आधी तांब्या भरा. बाटली उघडायची की नाही ते नंतर ठरवा, आणि नाही उघडली तरी संध्याकाळ चांगलीच जाईल. कुणाच्या तरी घरी दारूमुळे त्रास चालू असेल तर हा भाग त्याला फॉरवर्ड करू नका, त्याच्याशी जाऊन बोला. आणि तुम्ही सरबतात काय वेगळं घातलं ते मला नक्की कळवा, कोकम घालून कुणी केलं तर मला खरंच चव कशी लागली ते जाणून घ्यायचंय.

पाणी पीत राहा, गाडी जपून चालवा. भेटू पुढच्या भागात.